ब्रेकचा भाग : पोलादाचा की ॲल्युमिनियमचा?

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त खामगाव येथे भरलेल्या आपल्या समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



माघ शुद्ध त्रयोदशीच्या ह्या मंगल दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची सनद घेऊन चौतीस वर्षे आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना पाढे आणि त्रैराशिके शिकविली. यंत्रशास्त्राचे आम्ही पंडित नव्हे. परंतु आमचा जन्म भात्याच्या आवाजात झाला. अक्षरओळख होण्यापूर्वीच आम्ही वडिलांच्या ऐरणीवरची ठिणगी ओळखू लागलो होतो. तेवढ्याच अधिकारावर आज आम्ही बोलणार आहोत.

कोणी म्हणेल की, समाजाच्या व्यासपीठावर वसतिगृह, विवाहखर्च, मुलींचे शिक्षण असे विषय असताना गाडीच्या ब्रेकचा एक तुकडा घेऊन गुरुजी कशाला उभे राहिले? त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल आज लेथवर आणि वेल्डिंगवर पेटते. गिऱ्हाईक चित्र आणून देते आणि आपला मुलगा त्याबरहुकूम भाग कातून देतो. तो भाग कोणाच्या तरी जिवाची राखण करणार असतो. धातूची निवड हा म्हणूनच केवळ धंद्याचा प्रश्न उरत नाही. तो धर्माचाही प्रश्न होतो.

प्रसंग गेल्या वर्षीचा आहे. खामगावच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या एका आप्तांचे लेथचे दुकान आहे. त्यांचा भाचा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. ह्या महाविद्यालयांतील मुले चार चाकांची, खडकाळ रानातून धावणारी लहानशी गाडी स्वतः बांधतात आणि स्पर्धेत उतरवितात. 'बाहा' नावाची ही स्पर्धा आपल्या देशात २००७ साली इंदूरजवळ पीथमपूर येथे सुरू झाली. भाचा आपल्या चमूसाठी एका ब्रॅकेटचे चित्र घेऊन मामाकडे आला. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीस दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जे कॅलिपर असते, ते ज्या पट्टीवर बोल्टांनी बसविलेले असते, ती पट्टी म्हणजे हे ब्रॅकेट. भाच्याने बरोबर ॲल्युमिनियमची चकचकीत पाटी आणली होती. मामांनी ती हातात तोलली, बाजूस ठेवली आणि म्हणाले, "हे पोलादाचंच होईन."

दोघांचा वाद जुंपला. योगायोगाने आम्ही तेथे चहास गेलो होतो. मामा म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा आता ह्या पोराले." पोरगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही गणिताचे शिक्षक. तुम्हीच हिशोब करून बघा." आम्ही मनात म्हटले, हे बरे झाले. दोघांनी न्याय मागितला आहे, तर आधी हिशोबच मांडू.

प्रथम भाच्याची बाजू घेऊ, कारण ती आम्हांस वाटली होती त्याहून पुष्कळ बळकट निघाली. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ७.८५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, म्हणजे साधारण एक तृतीयांश. ॲल्युमिनियमची ६०६१ म्हणून जी जात आहे, ती सुमारे ५३० अंशांवर तापवून पाण्यात बुडवितात आणि नंतर सुमारे १७० अंशांच्या उबेत कित्येक तास ठेवितात. आपले वडीलधारे छिन्नीला पाणी देत, त्याचाच हा धाकटा भाऊ म्हणा ना! अशा रीतीने 'पाणी दिलेले' ॲल्युमिनियम कायमचे वाकू लागण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २७५ न्यूटन ताण सोसते. बाजारात मिळणारे साधे पोलाद सोसते २५०. तेव्हा ॲल्युमिनियम म्हणजे कच्चा धातू, ही आपली जुनी समजूत सर्वस्वी खरी नव्हे.

आता मामांची बाजू. ताण सोसणे वेगळे आणि ताणाखाली न लवणे वेगळे. सारख्याच मापाच्या दोन पट्ट्यांवर सारखेच ओझे टाकले, तर ॲल्युमिनियमची पट्टी पोलादाच्या तिप्पट लवते. ब्रॅकेट लवले की कॅलिपर तिरपे होते, ब्रेकची गादी एका कडेने झिजते आणि पायाखालचा ब्रेक गुळगुळीत लागतो. ह्यावर भाच्याने उत्तर दिले की, पट्टीची जाडी दीडपट करावी. गणित त्याच्या बाजूचे होते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दीडाचा घन ३.३७५. म्हणजे ६ मिलिमीटर पोलादाच्या जागी ९ मिलिमीटर ॲल्युमिनियम घेतले, तर ताठपणात ते उणे पडत नाही आणि वजन मात्र निम्मेच भरते. त्यांचे ब्रॅकेट १० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद होते. पोलादाचे सुमारे ३७७ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे सुमारे १९४. चार चाकांची मिळून बचत पाऊण किलोच्या आतबाहेर.

मामांनी विचारले, "आन् गाडी केवढ्याची?" चालकासह अडीचशे किलोची. अडीचशे किलोत पाऊण किलो! भाचा म्हणाला, चाकापाशी वाचलेले वजन सांगाड्यात वाचलेल्या वजनापेक्षा मोलाचे, कारण ते स्प्रिंगांच्या खाली असते आणि खड्ड्याखड्ड्यांतून चाकाबरोबर उसळते. हेही खरेच होते. येथवर दोघेही बरोबर!

मग आम्ही विचारले की, ह्या पट्टीवर ओझे तरी किती येते? येथे शाळेतील तरफेचा धडा उपयोगी पडला. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर आणि चकतीला जेथे चिमटा बसतो तेथली त्रिज्या ८ सेंटिमीटर. रस्ता चाकाला जितक्या जोराने मागे ओढतो, त्याच्या साडेतीन पट जोर त्या ब्रॅकेटवर येतो. रस्त्याने ५० किलोचा अडसर केला, तर पट्टीवर १७५ किलो. हाही भार एकदा नव्हे. ब्रेक दाबला की आला, सोडला की गेला, असा हजारो वेळा. खरा प्रश्न आम्हांस येथे दिसला.

बंधूंनो, धातूही माणसासारखा थकतो. तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकविली तर तुटते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पोलादाची थकण्याची एक मर्यादा आहे. ताण त्या मर्यादेच्या खाली राहिला, तर ते जवळजवळ अखंड चाकरी करते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण थोडा असला तरी प्रत्येक खेप त्याच्या आयुष्यातून काही ना काही वजा करते. म्हणून विमानांतील ॲल्युमिनियमचे भाग ठराविक मुदतीने तपासतात व बदलतात. आपल्या गावच्या गाडीचे ब्रॅकेट कोण तपासतो?

येथे आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आम्ही आजवर चारचौघांत सांगितली नाही.

१९८६ साल. आमच्या धाकट्या बंधूंची एक जुनी फटफटी होती. तिच्या मागल्या ब्रेकचे पायताण झिजून गेले होते आणि तो भाग बाजारात मिळेना. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही घरी आलो होतो. भंगारात ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी सापडली. कानशीखाली ती लोण्यासारखी झिजे आणि चांदीसारखी चमके. आम्ही हौसेने तिचे पायताण घडविले, भोक पाडले आणि आतला कोपरा काटकोनात छान कोरून काढला. वडील भट्टीपाशी बसले होते. ते एवढेच म्हणाले, "लोखंडाचं कर. ह्याची बोली मले समजत नाही." आम्ही तेव्हा नवे शिक्षक. वडिलांचे म्हणणे आम्हांस जुन्या वळणाचे वाटले.

ते पायताण चौदा महिने चालले. एके सायंकाळी बंधू बुलढाण्याहून राजूर घाट उतरत असता, एका वळणावर ते नेमके त्या काटकोनी कोपऱ्यात मोडले. आदल्या दिवशी ते वाकले नव्हते, कुरकुरले नव्हते. पुढला ब्रेक घाईने दाबला गेला, गाडी घसरली आणि कठड्यावर आदळली. जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कायमचा अधू झाला. बंधूंनी आम्हांस आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. वडिलांनी तो मोडका तुकडा हातात घेऊन पाहिला आणि भात्याच्या खांबाला टांगून ठेवला. ते वारले तोवर तो तेथेच होता.

वडिलांच्या त्या वाक्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा कळला. लोखंड लोहाराशी बोलते. सहाणेवर धरले तर त्याच्या ठिणगीवरून ते कोणत्या जातीचे, हे कळते. कर्ब अधिक असला की ठिणगी फुलासारखी फुटते. तापले तर अंगावर रंग चढतो. साध्या पोलादावर सव्वादोनशे अंशांच्या सुमारास फिकट पिवळा, तीनशेच्या सुमारास निळा. अधिक तापले तर लाल होते. साधे पोलाद अतिभाराखाली आले तर मोडण्यापूर्वी बहुधा वाकून दाखविते. ॲल्युमिनियमची ठिणगी पडत नाही. ते ६६० अंशांवर वितळते आणि वितळेपर्यंत दिवसाच्या उजेडात त्याचा रंग बदललेला डोळ्यांस दिसत नाही. दोनशे अंशांच्या वर बराच वेळ राहिले तर त्याचे पाणी उतरते, पण चेहरा तसाच चकचकीत राहतो. भांड्याचे मऊ ॲल्युमिनियम आणि ६०६१ ह्या दोहोंच्या बळात आठ-दहा पटींचे अंतर असते. समोर ठेवली तर दोन्ही जुळी भावंडे! दिसते तसे नसते, ते हे असे.

आम्ही अविचाराने भंगारातली पट्टी घेतली आणि आतला कोपरा तीक्ष्ण ठेवला, हे आमचे दोन अपराध. असा कोपरा पोलादातही घातकच. ताण तेथेच गोळा होतो आणि चीर तेथूनच निघते. तेव्हा सगळा दोष धातूवर घालून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. परंतु ज्या धातूची परीक्षा आपल्या हातांनी आणि डोळ्यांनी होत नाही, तो कागदावाचून घेऊ नये, एवढे त्या खांबावरच्या तुकड्याने आम्हांस शिकविले.

आता उष्णतेकडे वळू. भगिनींना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. लोखंडी तवा सावकाश तापतो आणि उष्णता धरून ठेवतो. ॲल्युमिनियमचे भगोणे चटकन तापते आणि ज्वाला मोठी असली तर बूड वाकडे होते. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारी चूलच होय. भाच्याची अडीचशे किलोची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर सुमारे २४ हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. सर्व चकत्या मिळून दोन किलो पोलाद असेल, तर त्यांचे तापमान एका खेपेस सुमारे २५ अंश वाढेल. त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या असतील, तर सुमारे ४० अंश.

घाटाचा हिशोब ह्याहून भयंकर आहे. तीच गाडी केवळ ब्रेकवर दोनशे मीटर खाली उतरविली, तर ४ लाख ९० हजार ज्यूल. म्हणजे वीस वेळा थांबविल्याइतकी उष्णता. वाऱ्याने होणारे निवणे क्षणभर बाजूस ठेविले, तर पोलादी चकत्या सुमारे ५०० अंशांनी तापतील आणि ॲल्युमिनियमच्या जवळजवळ ८०० अंशांनी. वितळबिंदू आहे ६६०! प्रत्यक्षात वारा पुष्कळ उष्णता नेतो, तरी हिशोबाची दिशा स्पष्ट आहे. म्हणूनच मोटारींच्या चकत्या बिडाच्या आणि मोटरसायकलींच्या चकत्या बहुधा न गंजणाऱ्या पोलादाच्या करतात.

एवढे झाल्यावर मामा विजयी मुद्रेने मिशीवरून हात फिरवू लागले. तोच भाच्याने दुकानात पडलेले एका मोटरसायकलचे मागचे जुने चाक उचलून आमच्या पुढे ठेवले. "मामा, हे कशाचं?" ड्रम ब्रेकचे ते चाक. बाहेरचा डबा ॲल्युमिनियमचा आणि आत, जेथे ब्रेकची गादी घासते तेथे, ओतकामातच बसविलेले बिडाचे कडे. आतल्या ब्रेकच्या नालाही ॲल्युमिनियमच्याच, वर घर्षणाची गादी चिकटविलेली. मोटरसायकलींच्या कॅलिपरांचे अंगही बहुधा ॲल्युमिनियमचेच असते. आम्ही तिघेही त्या चाकाकडे पाहत राहिलो. जेथे घासायचे आणि तापायचे, तेथे लोखंड. जेथे धरून ठेवायचे आणि उष्णता वाऱ्यावर सोडायची, तेथे ॲल्युमिनियम. कारखानदाराने दोघांनाही एका घरात नांदविले होते. वाद कोणता धातू श्रेष्ठ हा नव्हताच. कोणत्या जागी कोण, आणि त्याची ओळख कोण देणार, हा होता.

तेव्हा मामांनी शेवटची गोष्ट विचारली. आपल्या घराण्यांत कुऱ्हाडीवर, नांगराच्या फाळावर आपली खूण ठोकण्याची चाल होती. मामा म्हणाले, "पोलादावर मी माझी खूण ठोकतो. तुझ्या ह्या पाटीचं कूळ कोनतं, ते कागदावर दाखव. मंग हिच्यावरबी ठोकतो." भाच्याजवळ कागद नव्हता. पाटी एका ओळखीच्या दुकानातून 'चांगली आहे' एवढ्या शब्दावर आणलेली. तो गप्प झाला.

आठ दिवसांनी तो परत आला. ब्रॅकेट पोलादाचे ठेविले होते. पण जेथे ताण येत नाही तेथे गोल खिडक्या काढून आणि प्रत्येक आतला कोपरा वळणदार करून त्याने वजन ३०० ग्रॅमपर्यंत आणले होते. चाकाच्या तुंब्यासाठी मात्र त्याने ६०६१ चा ठोकळा आणला होता, कारखान्याच्या परीक्षणपत्रासह. मामांनी चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचले आणि दोन्हींवर खूण ठोकली. स्पर्धेत ब्रेकची परीक्षा अशी असते की, धावत्या गाडीची चारही चाके एकदम जखडली पाहिजेत. मुलांना बक्षीस मिळाले नाही. पण चारही चाके जखडली. त्या रात्री मामांचा आम्हांस दूरध्वनी आला. ते फार बोलले नाहीत. "थांबली गाडी," एवढेच म्हणाले.

आता आपल्या तरुण कारागिरांस चार गोष्टी सांगून आम्ही आटोपते घेतो.

पहिली. सार्वजनिक रस्त्यावरच्या वाहनाच्या ब्रेकमध्ये आपल्या कल्पनेने फेरबदल करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे कलम ५२ कारखानदाराच्या मूळ नमुन्यापासून फारकत घेणाऱ्या फेरबदलास मनाई करते. भाग मिळत नसेल तर मूळ भागाचा शोध घ्यावा. चार दिवस गाडी उभी राहिली तर बिघडत नाही. आपली कारागिरी स्पर्धेच्या गाडीसाठी, यंत्रासाठी आणि जेथे अभियंत्याचे चित्र व संमती आहे, तेथेच चालवावी.

दुसरी. जे घासते आणि तापते ते बिडाचे वा पोलादाचे. जे पायाखाली किंवा हाताखाली हजारो वेळा दाबले जाते आणि ज्याची पुढे तपासणी होण्याची खात्री नाही, तेही पोलादाचे. वजन वाचवावयाचे असेल तर आसनात, पत्र्यात वाचवावे. ब्रेक ही काटकसरीची जागा नव्हे.

तिसरी. ॲल्युमिनियम वापरणे हे पाप नव्हे. अनोळखी ॲल्युमिनियम वापरणे हे पाप आहे. जात आणि पाणी लिहिलेला कागद मागा. शंका असेल तर आपल्या विदर्भातच, नागपूरजवळ वाडी येथे, १९८९ साली स्थापन झालेले ॲल्युमिनियम संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, ह्याचे स्मरण ठेवा. आणि पाणी दिलेल्या ॲल्युमिनियमच्या भागाला चीर गेली तर त्यास वेल्डिंगचे ठिगळ लावू नका. जोडाच्या आसपास त्याचे बळ निम्म्याच्या आसपास उतरते. तो भाग टाकून नवा करावा. पोलादी बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या आट्यांत आवळू नका. तेथे पोलादी आट्यांची बाही बसवा. ओल पोचली की दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियमच आधी खाल्ले जाते.

चौथी. जो भाग तुम्ही कराल, त्यावर आपली खूण ठोका. खूण ठोकावयास हात कचरत असेल, तर तो भाग गिऱ्हाइकास देऊ नका.

वऱ्हाडच्या पलीकडे चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाचा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केले. ते स्वप्न त्यांच्या पश्चात १९१२ साली जमशेदपूरला फळास आले. जेथून ते स्वप्न निघाले, त्या ह्या भूमीतले आपण लोहकर्मी. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची कृती निघाली ती १८८६ साली; आपल्या घरात तो धातू कालचा पाहुणा आहे. पाहुण्यास दाराबाहेर उभे करू नये, तसेच नावगाव विचारल्यावाचून तिजोरीची किल्लीही देऊ नये.

आज ह्या मंडपात आमचे धाकटे बंधूही बसले आहेत. ते काठी टेकीत आले, हे आपण पाहिले असेल. ही गोष्ट सांगावी की नाही, हे आम्ही त्यांना काल विचारले. ते म्हणाले, "सांगा दादा. कोण्या एका पोराचा पाय वाचला तरी पुष्कळ झालं." त्यांच्या अनुज्ञेनेच आम्ही हे बोललो.